ओटा उंच झाला, मूल खालीच राहिलं

स्वयंपाकघरात काम चाललेलं असताना पायाशी घुटमळणारं मूल आपण सर्वांनी पाहिलेलं आहे. ते ओढणीला लोंबकळतं, टाचा उंचावतं, हात वर करून ‘मला उचल, मला उचल’ म्हणतं. आणि आपण म्हणतो, ‘जा बरं बाहेर, तिकडं खेळ.’ खेळणी हातात दिली तर ती घेऊन ते परत तिथंच येतं. आपल्याला वाटतं, हट्टी आहे. पण हा हट्ट नेमका कशासाठी असतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं, आणि तेही शिंप्याच्या टेपमुळे.

आमची नात, म्हणजे लेकीची लेक, दोन वर्षांची झाली तेव्हा तिला दाराशी उभं करून मी पेन्सिलीने खूण केली आणि उंची मोजली. ८६ सेंटिमीटर भरली. हातात टेप होतीच, म्हणून सहज ओटाही मोजला. चौतीस इंच, म्हणजे तोही ८६ सेंटिमीटर! मग गुडघ्यांवर बसून मी तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून आमचं स्वयंपाकघर पाहिलं. समोर ओट्याखालची कपाटं, सिलिंडरची नळी आणि कडप्प्याची कड. वरून मात्र नुसते आवाज येत होते. फोडणी चुरचुरत होती, पोळपाट खडखडत होता, मिक्सर घरघरत होता. सगळी जत्रा वर आणि ही बिचारी खाली. मग तिने ‘उचल’ म्हटलं तर त्यात हट्ट कसला?

हा काही आमच्याच घरचा योगायोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार दोन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची सुमारे ८७ सेंटिमीटर आणि मुलीची सुमारे ८६ सेंटिमीटर असते. आपल्याकडचे ओटे साधारणपणे बत्तीस ते चौतीस इंचांचे. म्हणजे ज्या वयात मुलाला सगळ्यात हात घालायचा असतो, त्याच वयात ओट्याची कड बरोबर त्याच्या टाळूला लागते.

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. सांगलीकडच्या आमच्या गावात चूल जमिनीवर होती. अम्मी पाटावर बसायची. विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, काटवट जमिनीवर. मूल रांगत आलं तरी थेट आईच्या कामापाशी पोचायचं. भाकरी थापून झाल्या की उरलेल्या पिठाचा गोळा आमच्या हाती यायचा. त्याची वेडीवाकडी चानकी आम्ही थापायचो, आणि ती निखाऱ्यावर भाजून आम्हालाच खायला मिळायची. स्वयंपाक कुणी शिकवला नाही. तो डोळ्यांसमोर होता, म्हणून आला.

पण त्या दिवसांचं गुणगान करून थांबलो, तर मी तुमची फसवणूक केल्यासारखं होईल. माझ्या धाकट्या बहिणीच्या उजव्या दंडावर आजही एक चकाकता पट्टा आहे. ती दीड वर्षाची असताना चुलीवरच्या डाळीचं पातेलं तिच्या धक्क्याने कलंडलं. अम्मी हाताच्या अंतरावर होती. ‘चूलेसे दूर बैठ’ हे वाक्य ती दिवसातून वीस वेळा म्हणायची, त्या दिवशीही म्हणाली होती. घरात धावाधाव झाली आणि कुणीतरी भाजलेल्या जागी दौतीतली शाई ओतली. तेव्हा तोच उपाय समजत असत. जमिनीवरची चूल मुलाला जवळ घेत होती हे खरं, पण विस्तवही तितकाच जवळ होता.

मग चूल वर का गेली? उभं राहून काम करणं सोयीचं वाटू लागलं, हे एक कारण. दुसरं कारण गॅस. १९५५ मध्ये मुंबईत बर्मा-शेल कंपनीने घरगुती गॅस आणला. पुढे तो शहरोशहरी गेला, आणि २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर आणखी कितीतरी खेड्यांत पोचला. गॅसच्या वापराचा एक साधा नियम आहे. सिलिंडर जमिनीवर उभा हवा आणि शेगडी त्याच्याहून उंचावर हवी. म्हणजे शेगडी आली की तिच्यासाठी ओटा आला, निदान टेबल तरी आलं. विस्तव मुलापासून दूर गेला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याच्यासोबत निवडणं, सोलणं, मळणं, लाटणं हेही सारं वर निघून गेलं. त्यात तर धोका नव्हता!

आता आपण त्यावर काय तोड काढतो? मुलाला उचलून सरळ ओट्यावर बसवतो. मीही तेच करत होतो. एका सकाळी नातीला शेगडीच्या बाजूला बसवून मी चहा टाकला होता. साखरेचा डबा घ्यायला मागं वळलो, तेवढ्यात तिने पातेल्याच्या दांड्याला हात घातला. चहा ओट्यावर सांडला आणि कडप्प्यावरून तिच्याकडे वाहत आला. मी तिला उचललं, पण डाव्या पावलावर उडायचा तेवढा उडालाच. नानी टूथपेस्ट घेऊन धावली. मी मात्र पाय नळाखाली धरून उभा राहिलो. वीस मिनिटं ती रडत होती आणि पाणी वाहत होतं. डॉक्टरांनी नंतर तपासलं. फोड आला नाही, आठवड्यात लाली गेली. पण त्या वीस मिनिटांत मला बहिणीचा दंड दिसत राहिला. अम्मीच्या वेळी निदान दुसरी जागा नव्हती. मी तर मुलीला स्वतःच्या हाताने विस्तवाशेजारी नेऊन बसवलं होतं.

म्हणून पहिली गोष्ट ही की, मुलाला ओट्यावर बसवू नये. बसलेल्या मुलाकडे गरम पदार्थ वाहत आला तर त्याला सरकता येत नाही. तोल गेला तर ते तीन फुटांवरून डोक्यावर पडतं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, त्यामुळे तोल जाताना ते डोक्याकडूनच जातं. प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभं करणं हाही मार्ग नव्हे. मूल पुढे झुकलं की स्टूल मागे सरकतो. चौरंगावर पाट रचून केलेली उंची तर त्याहून वाईट.

मग करायचं काय? दोन वाटा आहेत. एक तर मुलाला नीट आधार देऊन वर घ्यायचं, नाहीतर काम खाली आणायचं.

वर घ्यायचं असेल तर त्याला उभं राहायला चारी बाजूंनी कठडा असलेली छोटी घोडी लागते. परदेशात अशा घोड्या तयार मिळतात, आता आपल्याकडेही विकत मिळू लागल्या आहेत. मी आमच्या गल्लीतल्या सुताराकडून करून घेतली. मी कविता लिहिणारा माणूस, सुतारकामातलं मला काय कळणार? पण माप मात्र मुलाकडूनच घ्यावं लागतं. ओटा मुलाच्या कोपराच्या जरा खाली यायला हवा, म्हणजे हात सहज चालतात. दोन वर्षांचं मूल चौतीस इंची ओट्याशी उभं राहणार असेल, तर उभं राहायची फळी जमिनीपासून सुमारे ४० सेंटिमीटरवर येते. तिसऱ्या वर्षाअखेर मूल साधारण ९५ सेंटिमीटरचं होतं, तेव्हा हीच फळी ३० सेंटिमीटरवर हवी. म्हणून फळी खालीवर करता येईल अशा खाचा ठेवाव्यात.

कठडा मुलाच्या बेंबीच्या वर आणि काखेच्या खाली हवा. त्याहून खाली असला तर मूल त्यावरून पालथं होतं. मूल जिकडून चढतं ती मागची बाजूही आडव्या दांडीने बंद झाली पाहिजे. घोडीचा खालचा पसारा वरच्यापेक्षा रुंद असावा आणि पायांना रबर असावं. फटींकडे विशेष लक्ष द्यावं. अंग जाईल पण डोकं अडकेल अशी फट सर्वांत घातक. म्हणून फट एकतर ९ सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावी, नाहीतर सरळ २३ सेंटिमीटरपेक्षा जास्त. घडीची घोडी असेल तर बिजागरीत बोट सापडणार नाही ना, हे बघावं. आणि मूल चढवण्याआधी स्वतः कठड्याला धरून चारी बाजूंनी जोरात ढकलून पाहावं. कलली तर ती सुताराकडे परत गेली पाहिजे. आमची पहिली घोडी परत गेली होती.

घोडी कुठे ठेवायची, हे तर घोडीपेक्षाही महत्त्वाचं. शेगडीपासून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवावी. मुलाला हात लांब करून, वर अंग झुकवूनही शेगडी, गरम भांडं, सुरी, मिक्सर किंवा विजेचं बटण गाठता येता कामा नये. मिक्सरची नाहीतर किटलीची वायर ओट्यावरून लोंबत नसावी. ओट्यासमोर खिडकी असेल आणि तिला जाळी नसेल, तर तिथे घोडी ठेवूच नये. मजल्यावरच्या घरांत हे विसरून चालणार नाही.

वेळही बघावी लागते. सकाळी डबे भरायची घाई असते, कुकर शिट्ट्या देत असतो, तेव्हा मुलाला वर घेऊ नये. फोडणी आणि तळण तर त्याच्यासमोर नकोच. मोहरी कुठवर उडते ते आपल्याला माहीत आहे. आमच्या घरी आता शेगड्या बंद आणि रेग्युलेटरही बंद, मगच घोडी बाहेर येते. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मूल घोडीवर आहे तोवर मोठ्या माणसाने एका हाताच्या अंतरावर राहायचं. फोन वाजला तर वाजू द्यायचा. दारावर कुणी आलं तर आधी मुलाला खाली उतरवायचं, मग दार उघडायचं. आणि काम संपलं की घोडी उचलून दुसऱ्या खोलीत, दाराआड ठेवायची. ती तिथंच राहिली तर एक दिवस मूल एकटंच चढेल, आणि तेव्हा शेगडी पेटलेली असेल.

दुसरी वाट याहून सोपी आहे आणि आपल्या ओळखीची आहे. जमिनीवर चटई टाकावी, समोर परात ठेवावी आणि मुलाबरोबर आपणही मांडी घालून बसावं. परातीऐवजी चौरंग मांडला तर तो मुलाचा ओटाच झाला. पडण्याची भीती नाही, आणि विस्तव वर, तिच्या हाताबाहेर. मात्र जमिनीवर बसलेल्या मुलाच्या डोक्यावरून गरम भांडं कुणी नेऊ नये आणि आपला चहाचा कपही शेजारी ठेवू नये. चहा ओतून पंधरा मिनिटं झाली, तरी तो बाळाची कातडी भाजण्याइतका गरम असू शकतो.

मुलाला खरोखरीचं काम द्यावं, हा विचार काही नवा नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह काढलं. तिथे मुलांच्या मापाची टेबलं-खुर्च्या होत्या आणि मुलं झाडणं, धुणं, वाढणं अशी रोजची कामं करत. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत हा विचार रुजवला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी भोवतालच्या वस्तू हाताशी घेतल्या. आपल्या स्वयंपाकघरात तर अशा वस्तूंची खाणच आहे.

दीड वर्षाचं मूल एका वाटीतलं पाणी दुसऱ्या वाटीत ओततं, बटाटे टोपलीतून पातेल्यात टाकतं. दोन वर्षांचं मूल कोथिंबीर खुडतं, मेथीची पानं तोडतं, टोमॅटो धुतं, कणकेचा गोळा दाबतं. अडीच-तीन वर्षांचं मूल उकडलेला बटाटा कुस्करतं, चाळणी हलवतं, छोट्या लाटण्याने लाटतं, आणि बोथट सुरीने केळं कापतं. ईदच्या आदल्या दिवशी शीरखुर्म्यासाठी बिया काढलेले खजूर आमच्या नातीने हातांनी तोडले. निम्मे पोटात गेले, ते सोडा.

काही गोष्टी मात्र टाळाव्यात. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे लहान मुलाच्या घशात अडकतात. सोललेले वाटाणे नाकात जातात. मिरची चिरलेला हात मुलाच्या डोळ्याला लागतो. कच्चं पीठ आणि कच्चं अंडं चाटू देऊ नये. कामाआधी आणि कामानंतर साबणाने हात धुणं, हेही त्या खेळातच धरावं. सैल बाह्या वर कराव्यात, आपला पदर किंवा ओढणी खोचावी.

इतकं करूनही अपघात होऊ शकतो. ६० अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसाच्या कातडीला साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजतं. मुलाची कातडी पातळ, तिला त्याहून कमी वेळ पुरतो. मूल भाजलं तर भाजलेला भाग नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरावा. बांगडी, पैंजण, कपडे लगेच काढावेत, पण कातडीला चिकटलेलं कापड ओढू नये. बाकीचं अंग गरम ठेवावं. बर्फ नको, हळद नको, तूप नको, टूथपेस्ट नको आणि शाईही नको. नंतर स्वच्छ सुती कापड सैलसर ठेवून डॉक्टरांकडे न्यावं. भाजलेला भाग मुलाच्या तळहाताहून मोठा असेल, किंवा चेहरा, हात, पाय, लघवीची जागा भाजली असेल, तर सरळ रुग्णालय गाठावं. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? मूल थोडं मोठं झालं की येईलच स्वयंपाकघरात. पण मला वाटतं, तोवर त्याची इच्छा आपण घालवून बसलेलो असतो. दोन वर्षांचं मूल ‘मी करते’ म्हणत येतं, आपण त्याला दहा वर्षं बाहेर पाठवतो, आणि मग बाराव्या वर्षी विचारतो, ‘घरात काडीची मदत का करत नाहीस?’ मुलग्याच्या बाबतीत तर आपण तेवढंही विचारत नाही. मी स्वतः त्याचा नमुना. चहापलीकडचा स्वयंपाक मी पन्नाशीनंतर शिकलो.

आणि माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगतो. शब्दांचा धंदा. आपल्या स्वयंपाकघरात किती क्रियापदं आहेत बघा. निवडणं, पाखडणं, चाळणं, सोलणं, खुडणं, चिरणं, किसणं, कुस्करणं, मळणं, थापणं, लाटणं. चित्रांच्या पुस्तकातून सफरचंद आणि हत्ती शिकता येतात. पण ‘कुस्करणं’ हे बटाटा बोटांमधून बाहेर आल्याशिवाय कळत नाही. आमच्या नातीला ‘खुडणं’ आणि ‘तोडणं’ यातला फरक कळतो. कोथिंबीर ती खुडते आणि खजूर तोडते. हा फरक मी तिला सांगितलेला नाही.

परवा माझी बहीण घरी आली होती. नात जमिनीवर परातीत तिची चानकी थापत होती. बहीण तिच्याजवळ बसली, बाही वर सारली आणि आपलाही एक गोळा थापू लागली. नातीने दंडावरचा तो पट्टा पाहिला आणि विचारलं, ‘हे काय?’ बहीण म्हणाली, ‘गरम डाळ सांडली होती, मी तुझ्याएवढी असताना.’ नातीने त्यावर फुंकर घातली आणि पुन्हा थापायला लागली. तिची भाकरी चौकोनी झाली. नानीने ती वर, शेगडीवर भाजली आणि आम्ही तिघांनी वाटून खाल्ली.

तर आज संध्याकाळी स्वयंपाक आटोपल्यावर गॅस बंद करा आणि मेथीची एक जुडी घेऊन जमिनीवर बसा. मुलाला बोलवावं लागणार नाही. ते पायाशीच असेल.